डक ट्वेसीची केस सुटली की नुसतीच जाग आली? (शेवटाबद्दल प्रश्न)

काळा_कोट

फिर्याद अशी. शहरभर पिगी बँका चोरीला जातायत. फोनवर फोन येतायत. तपासी अंमलदार ऑफिसात बसून प्रत्येकाचं तोंडदेखलं सांत्वन करतोय आणि फोन ठेवतोय. मग सहज म्हणून स्वतःची तिजोरी उघडतो, तर त्याचीही बँक गायब! आता मात्र आभाळ कोसळतं. प्रसिद्ध डिटेक्टिव्ह डक ट्वेसीला बोलवायला हवं, असं तो घाबरून ठरवतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की डक ट्वेसी आपणच.

हे 'द ग्रेट पिगी बँक रॉबरी'. साल १९४६, वॉर्नर ब्रदर्स, दिग्दर्शक बॉब क्लॅम्पेट, आणि डक ट्वेसी म्हणजे आपला डॅफी डक. सगळा मामला साडेसात मिनिटांच्या आसपास. प्रश्नच शेवटावर असल्यामुळे शेवट सांगणार आहे. ज्यांना तो फुटायला नकोय त्यांनी इथूनच मागे फिरावं.

मी साताऱ्यात फौजदारी वकिली करते. दिवसभर कोर्टात जे ऐकते ते संध्याकाळी पडद्यावर पुन्हा बघायची हौस नाही, म्हणून घरी गुन्हेगारी मालिका बंद आणि जुनी कार्टूनं चालू. सध्या भाचा सुट्टीला आलाय. वय दहा, शंका पन्नाशीच्या माणसाच्या. त्याला हे दाखवलं आणि वाद सुरू झाला.

घटनाक्रम थोडक्यात. सुरुवातीला डॅफी साधा शेतावरचा बदक आहे. पत्रपेटीपाशी येरझाऱ्या घालतोय, कारण आज डिटेक्टिव्ह डिक ट्रेसीचं नवं कॉमिक यायचंय. ते येतं, हा लोळून वाचतो, 'आय लव्ह दॅट मॅन!' म्हणतो, आणि मी डिक ट्रेसी असतो तर गुंडांना असा धुतला असता, असं दाखवताना हवेत ठोसे मारत सुटतो. त्यातला एक स्वतःलाच बसतो. गारद. तिथून पुढे तो डक ट्वेसी. पिवळा कोट, पिवळी हॅट, सगळा थाट. 'गँगस्टर हाइडआउट' अशी पाटी लावलेल्या ट्राममधून अड्ड्यावर जातो (कंडक्टर मिशीवाला पोर्की पिग). वाटेत शेरलॉक होम्स भेटतो, त्याला 'ही बाजू माझी' म्हणून हाकलतो. पावलांचे ठसे भिंतीवरून छतावर जातात, हाही त्यांच्यामागून छतावर. मग एकेक खलनायक. शेवटी सगळे एका खोलीत कोंडले जातात, हा दाराबाहेरून मशिनगन चालवतो, दार उघडतो आणि प्रेतांची रांग कोसळत राहते.

मुद्देमाल सापडतो. त्यात स्वतःची बँकही. आनंदाच्या भरात तो तिचे मुके घ्यायला लागतो, आणि बघतो तर आपण शेतावर, चिखलात, एका खऱ्याखुऱ्या डुकरिणीचे मुके घेतोय. ती विचारते, 'शॅल वी डान्स?' हा थुंकून पळतो. ती मागे राहते आणि म्हणते, 'आय लव्ह दॅट डक!' संपलं.

भाच्याचं म्हणणं : फसवलं. स्वप्नच होतं तर मग काहीच झालं नाही. शाळेत निबंधाच्या शेवटी 'आणि मला जाग आली' लिहिलं की बाई गुण कापतात, मग यांना कसं चालतं?

माझे आक्षेप निराळे आहेत. चोरी कुणी केली हे शेवटपर्यंत कळत नाही. गुंड पंधराएक, पण त्यातल्या कुणी कुठली बँक उचलली, कशासाठी, काहीच पुरावा नाही. 'तुम्हाला सगळ्यांना अटक आहे' असं तोंडी सांगून नंतर सगळ्यांचा निकाल. फिर्यादी, तपासी अंमलदार आणि फाशी देणारा, तिन्ही एकच इसम! आमच्या कोर्टात असं आरोपपत्र आलं असतं तर मी पहिल्या तारखेलाच दोषमुक्तीचा अर्ज टाकला असता. हसले मात्र खूप, हे कबूल.

तर प्रश्न एवढाच. स्वप्नाचा हा शेवट म्हणजे लेखकाला पुढचं सुचलं नाही म्हणून काढलेली पळवाट आहे, की त्यात काही कारागिरी आहे? आणि त्या डुकरिणीचं शेवटचं वाक्य नसतं तर काही बिघडलं असतं का?

पेगबार

ताई, आधी भाच्याला शंभरपैकी शंभर द्या. आता बाजू मांडतो.

मी कोल्हापूरचा. नव्वदीच्या शेवटाला अंधेरीतल्या एका स्टुडिओत इनबिट्वीनर होतो. म्हणजे मोठा कलाकार महत्त्वाच्या पोझेस काढणार, आणि मधली सगळी चित्रं आम्ही लाइटबॉक्सवर कागदावर कागद ठेवून काढणार. काम परदेशी मालिकांचं, पगार इथला. पण तिथल्या एका सीनियरनं जेवणाच्या सुट्टीत आम्हाला क्लॅम्पेटची कार्टूनं फ्रेम-फ्रेम थांबवून दाखवली, आणि हे त्यातलं पहिलं. डबा उघडा राहायचा, भाजी गार व्हायची. त्यामुळे या फिल्मबद्दल मी तटस्थ नाही, हे आधीच नोंदवून घ्या.

'मला जाग आली' हा शेवट वाईट कधी असतो? वाचणाऱ्यापासून लपवलेला असतो तेव्हा. तुम्ही जीव मुठीत धरून वाचता, आणि लेखक शेवटच्या ओळीत सांगतो की काही नव्हतंच. इथं लपवलंय काय? डॅफीनं स्वतःला ठोसा मारला तो तुमच्या डोळ्यांदेखत, कथा सुरू व्हायच्या आधी. तो बेशुद्ध आहे हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे. माहीत नाही ते फक्त त्याला. त्यामुळे जाग येणार की नाही हा प्रश्नच उरत नाही. कुठल्या अवस्थेत येणार, एवढीच उत्सुकता.

आणि ते स्वप्न कुणाचं? कॉमिक वाचणाऱ्या पोराचं. म्हणून त्यात पुरावा नाही, हेतू नाही, चोराचं नाव नाही. ताईंचे सगळे आक्षेप खरे आहेत, पण ते डॅफीच्या वाचनावर आहेत. कॉमिक वाचताना पोराला काय आठवतं? हॅट, मशिनगन आणि खलनायकांची तोंडं. तपास आठवत नाही. स्वप्नात तेवढंच आलं.

तोंडांवरून सांगतो. डिक ट्रेसी ही चेस्टर गूल्डची वृत्तपत्रातली चित्रपट्टी, सुरुवात ऑक्टोबर १९३१. गूल्डची पद्धत अशी की गुंडाचा गुन्हा त्याच्या चेहऱ्यावरच काढायचा. कुणाचं तोंड सुकलेल्या आलुबुखारासारखं सुरकुतलेलं, कुणाच्या कपाळावर आठ्यांचे डोंगर, कुणाचं डोकं वरून टेबलासारखं सपाट. हा सपाट डोक्याचा फ्लॅटटॉप युद्धाच्या काळात वाचकांत भलताच गाजला. क्लॅम्पेटनं त्याला जसाच्या तसा उचललाय, फक्त त्याच्या सपाट डोक्यावरून लढाऊ विमानं उडवलीत, विमानवाहू जहाजावरून उडावीत तशी. १९४६ साल आहे, युद्ध संपून वर्षही नीट झालेलं नाही, थिएटरातल्या निम्म्या लोकांनी असली जहाजं बातमीपटात पाहिलेली. बाकीची मंडळी मात्र स्टुडिओत जन्मलेली : स्नेक आइज, ८८ टीथ, पंपकिनहेड, पिकल पस, ज्यूकबॉक्स जॉ, रबरहेड, निऑन नूडल. ८८ टीथचे दात म्हणजे पियानोच्या पट्ट्या. सगळे गूल्डच्या व्याकरणातले, पण एकेक पायरी पुढे गेलेले. आणि माउस मॅन! उंदराच्या बिळातून ठसे येतात, डॅफी ऐटीत 'बाहेर ये' म्हणून दरडावतो, आणि बिळातून जो निघतो तो छताला टेकणारा. डॅफी लगेच त्याला परत आत जायला सांगतो. हे सगळं एका रसिकाच्या डोक्यातून निघालंय. भित्रा आहे, पण कॉमिक तोंडपाठ आहे.

आता मुका. धंद्याचं बोलतो, कंटाळा आला तर पुढचा प्रतिसाद वाचा.

स्वप्नातून बाहेर यायच्या ठरलेल्या पद्धती असतात. पडदा लाटांसारखा हलवायचा, पात्राला पलंगावर दचकून बसवायचं, डोळे चोळायला लावायचे, आणि एक वाक्य द्यायचं, 'अरे, स्वप्न होतं!' ही सगळी चित्रं खर्चाची असतात, आणि तेवढा वेळ हसू थांबतं. क्लॅम्पेटनं काय केलं, तर जाग येण्याची क्रियाच काढून टाकली. डॅफी मुके घेतोय. मुके तसेच चालू राहतात, हातात बँकेच्या जागी डुकरीण येते आणि भोवतीची जागा बदलते. पात्राची क्रिया न तोडता दुनिया बदलली. आम्ही स्टुडिओत याला नाव वगैरे दिलं नव्हतं, पण सीनियर म्हणायचा, 'पोझ सोडू नकोस, पोझच तुला पलीकडे नेईल.' प्रेक्षकाला कळतं आधी, डॅफीला नंतर. या दोन कळण्यांच्या मध्ये जेवढा वेळ आहे तेवढ्यात हसू पिकतं.

आणि बघा, बँक डुकराच्या आकाराचीच का? शेतावर डुकरं आहेत म्हणून. बेशुद्ध पडला तेव्हा आसपास जे होतं तेच स्वप्नात गेलं. पोस्टमनची पेटी, कॉमिक, शेत, डुक्कर. म्हणजे चोरीला गेलेल्या वस्तूचा उगम पहिल्या दृश्यापासून तिथंच लोळत होता. तपासात काही सापडलं नाही म्हणता, ताई? हा घ्या मुद्देमाल.

शेवटचं वाक्य. सुरुवातीला डॅफी डिक ट्रेसीबद्दल म्हणतो, 'आय लव्ह दॅट मॅन!' शेवटी डुकरीण डॅफीबद्दल तेच म्हणते, एक शब्द बदलून. ट्रेसीला डॅफीचं प्रेम ठाऊक नाही, तो कागदावर आहे. डॅफीला डुकरिणीचं प्रेम ठाऊक आहे आणि नको आहे. जो चाहता होता त्यालाच चाहती मिळाली, आणि तिला बघून तो पळाला. हे वाक्य काढलंत तर उरते फक्त चिखलात तोंड बुडाल्याची गंमत, ती कुठल्याही कार्टूनात मिळते. कथा वॉरन फॉस्टरची आहे. हे वाक्य त्याचं की स्टोरीबोर्डच्या बैठकीत कुणी फेकलेलं, त्यानं काही फरक पडत नाही, पण पहिल्या दोन मिनिटांत पेरल्याशिवाय ते उगवलं नसतं.

अजून एक, मग थांबतो. ही फिल्म थिएटरात लागली जुलै १९४६ मध्ये, आणि क्लॅम्पेट त्याच्या आधीच, १९४५ मध्ये, वॉर्नर सोडून गेलेला. त्याच्या हातचं शेवटचं जे काम तिथं राहिलं त्यात 'द बिग स्नूझ' पण आहे, तीही १९४६ चीच. तिच्यात बग्ज बनी एल्मर फडच्या स्वप्नात घुसून धिंगाणा घालतो. सोडून जाता जाता माणूस दोनदा स्वप्नात शिरला. पळवाट हवी असणारा एकदाच शिरतो.

रॉकेलचा_दिवा

पेगबार काका, दंडवत. आता परत बघणं आलं.

मी नव्वदीत ठाण्याला वाढलेला. कार्टून नेटवर्क भारतात आलं १९९५ ला, आमच्याकडे केबलवाल्यानं ते सुरू केल्यावर शाळेचा अभ्यास जो बसला तो बसलाच. इंग्रजी कळायचं नाही, पण डॅफी चिडला हे कळायला भाषा लागत नव्हती. तेव्हा हे कार्टून पाहिलं असेल तर मला त्यातली फक्त कोसळणारी प्रेतं आठवतात. डुकरीण अजिबात नाही!

शेवटांचं म्हणाल तर कार्टूनवाल्यांना डिटेक्टिव्ह कथेचा सरळ शेवट कधी करताच आला नाही, की करायचाच नव्हता. याच्या तीन वर्षं आधी, १९४३ ला, एमजीएममध्ये टेक्स एव्हरीनं 'हू किल्ड हू?' केलं. त्याची सुरुवात खऱ्या माणसापासून होते. रॉबर्ट एमेट ओकॉनर नावाचा नट पडद्यावर येऊन गंभीरपणे सांगतो की गुन्ह्यातून कुणाचं भलं होत नाही हे आम्ही सिद्ध करणार. एमजीएमचीच 'क्राइम डज नॉट पे' नावाची खरीखुरी उपदेशपटांची मालिका तेव्हा चालू होती, तिची ही टिंगल, स्वतःच्याच कंपनीची. मग चित्रातला वाडा, खून, पोलीस, कपाटातून पडणारी प्रेतं (हो, तिथंही), आणि शेवटी डिटेक्टिव्ह खुन्याचा बुरखा ओढतो तर आत तोच सूत्रधार. तो म्हणतो, 'आय डूड इट' (मीच केलं), आणि भोकाड पसरतो. ते वाक्य त्या काळच्या रेड स्केल्टन या विनोदी नटाचं, रेडिओवर घराघरांत गाजलेलं. सुरुवातीला उपदेश करणारा माणूसच खुनी! मला वाटतं ताईंना कायदेशीर दृष्ट्या हा शेवट जास्त आवडेल. आरोपी एक, कबुली पंचांसमक्ष.

डक ट्वेसीनंतर दहा वर्षांनी, १९५६ ला, वॉर्नरच्याच चक जोन्सनं डॅफीलाच परत डिटेक्टिव्ह केलं, 'डिड्यूस, यू से' मध्ये. या वेळी लंडन, डॅफी म्हणजे डॉरलॉक होम्स आणि पोर्की म्हणजे वॉटकिन्स. त्यात सगळं लंडन थरथरतं असा राक्षसासारखा गुन्हेगार आहे, श्रॉपशायर स्लॅशर. डॅफी त्याच्याकडून मार खाऊन खाऊन चपटा होतो आणि शेवटी त्या राक्षसाला गप्प कोण करतं, तर रस्त्यात फुलं विकणारी म्हातारी. त्याची आई निघते. डिटेक्टिव्हचा सहभाग शून्य. मग वॉटकिन्स विचारतो, तुम्ही डिटेक्टिव्हगिरी शिकलात कुठल्या शाळेत, आणि उत्तर 'एलिमेंटरी' (म्हणजे प्राथमिक शाळा, आणि होम्सच्या तोंडचा ठरलेला शब्दही). जोन्सचा डॅफी क्लॅम्पेटच्या डॅफीपेक्षा वेगळा बदक आहे. तो हरतो आणि त्याला ते कळतं. १९४६ चा डॅफी हरत नाही. सगळ्यांना मारतो, सगळं परत मिळवतो, आणि मग सकाळ होते.

(मला जोन्सचा जास्त आवडतो. काकांनी मारू नये.)

तिखटमीठ

माझं मत उलट. पेगबार यांनी छान उलगडून सांगितलं, पण मी सांगते ही फिल्म खोलीचं दार उघडून प्रेतं पडतात तिथंच संपायला हवी होती. ती रांग, एकामागून एक, संपतच नाही, तिथं हसून पोट दुखतं. त्यानंतरचं सगळं उतरणीला लागतं.

आणि डुकरिणीचा विनोद मला जुना वाटतो. प्रेमात पडलेली बाई, ती कुरूप किंवा धिप्पाड, आणि पुरुष पळतोय. त्या काळच्या कार्टूनांत हे इतक्या वेळा आलंय की इथं आलं तेव्हा मी पडद्याकडे न बघता चहा ओतत होते. त्या वाक्याचा सुरुवातीशी धागा जुळतो हे मान्य. पण धागा जुळला म्हणून विनोद ताजा होत नाही. क्लॅम्पेटनं स्वप्न इतकं वेडंवाकडं रंगवलं आणि जागं करताना मात्र हाताशी आलेला विनोद उचलला.

पेगबार

तिखटमीठ, मुद्दा बिनतोड आहे, निम्मा. पळणारा पुरुष आणि मागे लागलेली बाई हा साचा तेव्हा सगळ्यांच्या खिशात होता, क्लॅम्पेटच्याही. पण ही डुकरीण मागे लागत नाही, हे परत बघा. ती चिखलातच बसून आहे. मुके घ्यायला सुरुवात त्यानं केली, तिनं नाही. तिनं नाचायचं विचारलं. तो पळाल्यावर ती ना रडते ना धावते. खूश आहे. पूर्ण फिल्ममध्ये चांगला दिवस फक्त तिचा गेलाय.

खोलीच्या दाराशी संपवण्याबद्दल मात्र नाही. ती रांग बघताना तुम्ही क्लॅम्पेटच्या टीममधल्या रॉड स्क्रिबनरसारख्या अॅनिमेटरांची रेघ बघत असता. ती ओढताना माणूस हाडं विसरायचा, पात्राला रबर करायचा, आणि क्लॅम्पेट त्याला थांबवण्याऐवजी अजून ताण म्हणायचा. त्याच टीममध्ये मॅनी गूल्ड, इझी एलिस आणि बिल मेलेंडेझ. हा मेलेंडेझ तोच, ज्यानं पुढे १९६५ मध्ये टीव्हीसाठी चार्ली ब्राउनचा नाताळ हे कार्टून केलं, जिथं पोरं बराच वेळ नुसती उभी राहून बोलतात. एकाच माणसाच्या हातून ही दोन टोकं. असो. सांगायचं ते असं की इतकं ताणल्यावर खाली उतरवावं लागतं, नाहीतर प्रेक्षक ताणलेलाच घरी जातो. उतरवायला शेत लागलं.

चहा ओतताना कार्टून बघू नये एवढं मात्र बोलतोच.

काळा_कोट

पेगबार दादा, तुमचा युक्तिवाद भाच्याला वाचून दाखवला. ठोसा आपल्यासमोर मारला म्हणजे लपवाछपवी नाही, हे त्याला पटलं. पण लगेच त्याचा पुढचा प्रश्न : मग निबंधाच्या पहिल्याच ओळीत 'मी झोपलो' असं लिहिलं तर बाई गुण देतील का? मी म्हटलं, प्रयोग करून बघ. (माझी बहीण माझ्यावर चिडणार आहे.)

रॉकेलचा_दिवा, 'हू किल्ड हू?' काल रात्रीच पाहिलं. कबुलीजबाबाबद्दल तुम्ही म्हणता ते तितकंसं सोपं नाही. बुरखा ओढल्यावर दिलेली कबुली पोलिसासमोरची आहे, आमच्याकडे ती पुराव्यात धरत नाहीत. पण एक गोष्ट मला तिथं जाणवली जी डक ट्वेसीत नाही. तिथं मरणारा माणूस पुस्तक वाचत बसलेला असतो, तेही याच कार्टूनवरून निघालेलं, आणि त्यावरून त्याला कळतं की आता आपला खून होणार. म्हणजे दोन्हीकडे सुरुवात वाचण्यापासून. एकाला वाचून मरण कळतं, दुसरा वाचून डिटेक्टिव्ह होतो.

तिखटमीठ, डुकरिणीबद्दल मी तुमच्या बाजूला होते, पण ती जागची हलत नाही हे खरं आहे, तपासून पाहिलं. तिच्यावर काही दोष येत नाही. उलट तक्रार करायचीच तर ती करू शकेल, आणि ती करत नाहीये.

माझा मूळ आक्षेप तरीही राहतोच. स्वप्न डॅफीचं, वाचन डॅफीचं, मान्य. पण सगळे आरोपी मेल्यामुळे चोर कोण हे आता कुणालाच सांगता येणार नाही. स्वप्नात का होईना, एवढ्या पिगी बँका कुणीतरी उचलून आणल्या असतील ना?

रॉकेलचा_दिवा

ताई, एक मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटलाय. सगळे आरोपी मेलेले नाहीत. निऑन नूडल त्या गोळीबारातून वाचतो. नळ्यांचाच बनलेला तो, गोळी लागणार कुठं? मागून येऊन तो डॅफीला धरतो, आणि डॅफी झटापटीत त्याला वाकवून वाकवून त्याची पाटी करून टाकतो, 'ईट अॅट जोज'. म्हणजे एक आरोपी जिवंत आहे, लुकलुकतोय, आणि हॉटेलात नोकरीलाही लागलाय.

काळा_कोट

मग प्रकरण संपलेलं नाही. त्याचा जबाब घ्यावा लागेल. पुढची तारीख द्या.